गोदातीरीचा प्रश्न आणि ग्रीकांचे पहिले तत्त्वज्ञ



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा मी 'ग्रीकांचे पहिले तत्त्वज्ञ आणि त्यांची धर्मश्रद्धा' असे सांगितले. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "तुम्ही हमालांच्या प्रश्नावर बोलाल असे आम्हांला वाटले होते." मी हमालांच्याच प्रश्नावर बोलणार आहे, फक्त तेथे अडीच हजार वर्षांचा वळसा घालून यावे लागेल. मी पंडित नव्हे. दहावीनंतर शाळा सुटली. इंग्रजी शब्दकोश मांडीवर घेऊन शिकलो. हैदराबादेस आबिड्सच्या रस्त्यावर रविवारी जुन्या पुस्तकांचा जो बाजार भरतो, तेच माझे महाविद्यालय. तेव्हा ग्रीक नावांच्या उच्चारांत चुका होतील, त्या पदरात घ्याव्यात.

ग्रीक तत्त्वज्ञानाचा प्रारंभ सामान्यतः असा सांगितला जातो. आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावर मिलेटस नावाचे भरभराटीचे बंदर होते. तेथे थेलीस नावाचा गृहस्थ होऊन गेला. इ. स. पू. ५८५ मध्ये झालेले सूर्यग्रहण त्याने आधी वर्तविले होते, अशी हकीकत हेरोडोटसने लिहून ठेवली आहे. त्याने सांगितले की सर्व वस्तूंचे मूळ पाणी आहे. अमक्या देवाने हे घडविले आणि तमक्या देवाने ते मोडले, ही भाषा येथे संपली आणि बुद्धीची भाषा सुरू झाली. जॉन बर्नेट या विद्वानाने १८९२ साली हेच मत मोठ्या आग्रहाने मांडले. मला तरुणपणी ते फार आवडे. एके दिवशी माणसाने देवांच्या कथा झटकून टाकल्या आणि तो विचार करू लागला, हे चित्र चळवळीतल्या पंचविशीच्या पोराला न आवडले तरच नवल.

पण पुढे वाचू लागलो तसे हे चित्र टिकेना. पाणी हे मूळ म्हणणाऱ्या त्याच थेलीसने सर्व जग देवांनी भरलेले आहे असेही म्हटल्याचे अ‍ॅरिस्टॉटल सांगतो. (याच अ‍ॅरिस्टॉटलने थेलीसची दुसरीही एक गोष्ट दिली आहे. ऑलिव्हचे पीक यंदा उदंड येणार हे ओळखून त्याने हिवाळ्यातच गावोगावचे तेलघाणे थोड्या पैशांत भाड्याने धरून ठेवले आणि सुगीत मनमानी दराने दिले. पहिला तत्त्वज्ञ हा पहिला मक्तेदारही होता, हे आमच्या मोंढ्यातल्या मंडळींना सांगितले तर त्यांना तत्त्वज्ञानाबद्दल एकदम आदर वाटू लागेल.) एफिससच्या हेराक्लिटसने आपला ग्रंथ आर्टेमिस देवीच्या देवळात नेऊन ठेवला, असे म्हणतात. पार्मेनिडीसचे सत्य त्याला एक देवी सांगते. एम्पेडोक्लीसने चार मूलतत्त्वांना देवांचीच नावे दिली, आणि पायथागोरसचा पुनर्जन्मावर विश्वास होता. झेनोफेनीसने मात्र लोकांच्या देवांची भरपूर टर उडविली. काळ्या लोकांचे देव काळे, निळ्या डोळ्यांच्या लोकांचे देव निळ्या डोळ्यांचे, आणि बैलांना हात असते तर त्यांनी बैलांसारखे देव काढले असते, असा त्याचा युक्तिवाद. तरी तोही शेवटी एका थोर देवाविषयी बोलतोच. मग ती झटकून टाकण्याची घटना घडली तरी केव्हा?

१९१२ साली केंब्रिजच्या कॉर्नफर्ड या पंडिताने 'धर्माकडून तत्त्वज्ञानाकडे' या अर्थाच्या नावाचा एक ग्रंथ लिहिला. पहिल्या तत्त्वज्ञांना विचाराचे साहित्य कोठून मिळाले, हा त्याचा प्रश्न. त्याचे उत्तर असे की ते धर्माच्या घरातूनच मिळाले. मांडणी बदलली, पण भांडी तीच राहिली. त्यांतले एक भांडे आपण जरा हातात घेऊन पाहू, कारण ते आपल्याही घरात आहे.

ग्रीकांचा 'मोइरा' हा शब्द आहे. त्याचा अर्थ दैव असा देतात. पण त्याचा मूळ अर्थ आहे वाटा, हिस्सा: जमिनीतला, लुटीतला, जेवणातल्या मांसातला. होमरच्या इलियडमध्ये एक प्रसंग आहे. झ्यूस, पोसायडन आणि हेडीस हे तिघे सख्खे भाऊ. त्यांनी चिठ्ठ्या टाकून जगाची वाटणी केली. झ्यूसला आकाश आले, पोसायडनला समुद्र, हेडीसला पाताळातला अंधार. पृथ्वी आणि ऑलिंपस पर्वत सामाईक राहिले. पुढे ट्रॉयच्या लढाईत झ्यूस पोसायडनला रणातून बाहेर हो म्हणून निरोप पाठवितो. पोसायडन संतापतो. त्याचे म्हणणे असे की, झ्यूसने आपल्या तिसऱ्या हिश्शात सुखाने राहावे, माझ्या हद्दीत हुकूम चालवू नये. आपल्याकडे तलाठ्यासमोर बांधावरून जे भांडण होते, त्याहून यात तिळभर वेगळे काही नाही! निरोप आणणारी दूती त्याला आठवण देते की, थोरल्या भावाच्या पाठीशी एरिनीस उभ्या असतात. या एरिनीस म्हणजे नात्यातली मर्यादा मोडणाऱ्याचा पाठलाग करणाऱ्या उग्र देवता. मग पोसायडन कुरकुरत माघार घेतो. येथे ध्यानात ठेवण्यासारखी गोष्ट अशी की, वाट्याची मर्यादा देवांनाही लागू आहे. मोइरा झ्यूसच्या वर आहे.

आता हेराक्लिटसकडे या. तो म्हणतो की, सूर्य आपले माप ओलांडणार नाही. ओलांडील तर न्यायदेवतेच्या साहाय्यक एरिनीस त्याला हुडकून काढतील. भाऊबंदकीत थोरल्याचा मान राखणाऱ्या त्याच देवता आता सूर्याला त्याच्या मार्गावर राखीत आहेत. शब्द जुना, श्रद्धा जुनी, पण मापाची कल्पना घरातून निघून आकाशाला लागू झाली. निसर्गाला नियम आहे ही कल्पना अशी जन्मली. मिलेटसच्या अ‍ॅनॅक्सिमँडरचे एकच वचन आज शिल्लक आहे, तेही सहाव्या शतकातल्या एका भाष्यकाराच्या कृपेने. त्यात तो सांगतो की, वस्तू ज्यातून उत्पन्न होतात त्यातच लय पावतात, कारण काळाच्या निवाड्याप्रमाणे त्या परस्परांना अन्यायाची भरपाई देतात. उन्हाळ्याने हिवाळ्याचा वाटा खाल्ला तर त्याला तो परत करावा लागतो. सृष्टिशास्त्राचे हे जवळजवळ पहिले वाक्य आणि त्याची भाषा मात्र कोर्टाची!

मोइरा वाचताना मला आपला शब्द आठवला: भाग्य. ऋग्वेदात भग नावाचा देव आहे, तो वाटे देणारा. 'भज्' या धातूचा एक अर्थ वाटणे असा आहे. त्यातून भाग आला, भागीदार आला, भाग्य आले, भगवान आला. भक्त म्हणजे मुळात वाटून दिलेले. त्यावरून वाट्याला आलेले अन्न, आणि त्या 'भक्त'चाच आपला 'भात' झाला. ज्या गावाला कीर्तनाची एवढी मोठी परंपरा आहे तेथे हे सांगताना मला संकोच वाटत नाही, की भागवताचा 'भाग' आणि ताटातला भात हे एकाच मुळाचे आहेत. ग्रीकांचा 'नोमोस' म्हणजे कायदा; तोही वाटणे या अर्थाच्याच क्रियापदापासून निघाला. देवीप्रसाद चट्टोपाध्याय यांनी १९५९ सालच्या 'लोकायत' या ग्रंथात या भगाचा आणि वैदिक ऋताचा विचार वाटणीच्या अंगाने केला आहे. त्यांच्या सर्वच निष्कर्षांशी माझे जमत नाही, पण वाट मला त्यांनी दाखविली.

येथे एक घरगुती गोष्ट सांगतो. पंचवीसेक वर्षांपूर्वी मोंढ्यात पोत्यांची थप्पी कोसळून एका हमालाची पाठ मोडली. आडतवाल्याने चारशे रुपये पाठविले आणि 'त्याचे नशीब' असा निरोप दिला. मी माथाडी कायद्याचे पुस्तक घेऊन त्याच्या घरी गेलो. त्याची आई दारात बसली होती. ती म्हणाली, "सटवीनं कपाळी लिवलं ते तुमचा कायदा पुसतो का, दादा?" बाळाच्या पाचवी-सहावीच्या रात्री कोरा कागद आणि लेखणी ठेवून सटवाईची पूजा करतात, आणि ती येऊन बाळाचे भाग्य लिहिते, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. मी शहाणपणाने म्हणालो, "सटवी-बिटवी सगळं खोटं आहे, मावशी." तिने पदर सावरला आणि आत गेली. पुढल्या सभेला त्या गल्लीतले एकही माणूस आले नाही. मला वाटे, मी धर्मांधतेशी लढत आहे. वस्तुतः मी तिच्याशी बोलण्याची एकुलती एक भाषा फेकून दिली होती.

ग्रीकांच्या तीन मोइरा देवता तेच काम करतात. एक आयुष्याचा धागा कातते, दुसरी वाटा नेमते, तिसरी धागा कापते. दुसरीचे नाव लाकेसिस, म्हणजे चिठ्ठी टाकून वाटा देणारी. हे वाचल्यावर किती तरी वर्षांनी मी पुन्हा त्या घरी गेलो. मुलगा अंथरुणावरच होता. मी म्हटले, "मावशी, सटवीनं लिवलं असेल. पण थप्पी किती उंच लावायची हे कोणी ठरवलं?" ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "थप्पी तर मुनीमानं लावाय लावली." एवढेच. भरपाईचा दावा तोवर मुदतीबाहेर गेला होता.

जॉर्ज थॉमसन या ब्रिटिश मार्क्सवादी पंडिताने १९५५ साली 'पहिले तत्त्वज्ञ' या अर्थाच्या नावाचे पुस्तक लिहिले. त्याचे म्हणणे असे की, मिलेटसच्या शेजारच्या लिडियात नाणी पाडण्याची कला निघाली, व्यापार वाढला, सगळ्या वस्तू एका धातूच्या मापाने मोजल्या जाऊ लागल्या, आणि त्यामुळे सगळ्या वस्तूंच्या मुळाशी एकच द्रव्य असावे ही कल्पना सुचली. पंचविशीत मला हे वेदवाक्य वाटले. आज अर्धेच पटते. नुसत्या नाण्याने तत्त्वज्ञान आले असते तर आमच्या मोंढ्यात दर बुधवारी एक थेलीस निघाला असता! नाण्याने प्रश्नाला जागा करून दिली असेल. पण प्रश्न विचारण्यासाठी आधी काही तरी मानलेले असावे लागते, आणि ते मानलेले डळमळावे लागते.

आता आपल्या घराकडे वळू. लेंडीकाठच्या या गावातून निघून मांजरा ओलांडली की तेलंगण लागते. ही हद्द १९५६ सालची. तोवर बिचकुंदा आणि जुक्कल ही मंडळे देगलूर तालुक्यातच होती. पलीकडे बोधन आहे. आपल्या मजुरांना ते साखर कारखान्यासाठी माहीत आहे. त्या कारखान्याला २०१५ साली टाळे लागले. पण बौद्ध ग्रंथांत अश्मक म्हणजे अस्सक जनपदाची राजधानी म्हणून जे पोतन किंवा पोदन येते, ते हेच बोधन असे पुष्कळ इतिहासकार मानतात. सोळा महाजनपदांपैकी हे एकच दक्षिणेतले आणि तेही आपल्या गोदावरीवर.

पाली 'सुत्तनिपाता'च्या शेवटच्या भागात, पारायणवग्गात, या प्रदेशातली एक गोष्ट आहे. सुत्तनिपाताचे मराठी भाषांतर आपल्या धर्मानंद कोसंबींनी केले आहे. कोसल देशाचा बावरी नावाचा ब्राह्मण दक्षिणेत येऊन अस्सकांच्या प्रदेशात गोदावरीच्या काठी आश्रम करून राहिला. तो फळांवर आणि वेचलेल्या धान्यावर निर्वाह करी. निर्मल जिल्ह्यात गोदावरीतले बादनकुर्ती नावाचे बेट आहे, तेच त्याचे स्थान असे तिकडचे काही अभ्यासक सांगतात. बावरीने जवळच्या गावाच्या उत्पन्नातून महायज्ञ केला आणि होते नव्हते ते वाटून टाकले. यज्ञ आटोपून तो आश्रमात परततो तोच दुसरा एक ब्राह्मण दारात उभा. पाय सुजलेले, दात मळलेले, डोक्यावर धूळ. त्याने पाचशे नाणी मागितली. बावरी म्हणाला, माझ्याजवळचे सर्व देऊन झाले, क्षमा करा. ब्राह्मणाने शाप दिला की, सातव्या दिवशी तुझ्या डोक्याची सात शकले होतील.

बावरी घाबरला. त्याने अन्न सोडले. तो वेदांत पारंगत होता, वयोवृद्ध होता, पण शापावर त्याचा विश्वास होता. तेव्हा एक देवता येऊन त्याला म्हणाली की, तो धनलोभी ढोंगी आहे. डोके म्हणजे काय आणि डोके फुटणे म्हणजे काय हे त्याला ठाऊकच नाही. बावरी म्हणाला, मग तू सांग. श्रोतेहो, पुढचे ऐकण्यासारखे आहे. देवता म्हणाली, मलाही ठाऊक नाही.

मी जगातल्या बऱ्याच पुराणकथा वाचल्या, पण 'मला ठाऊक नाही' असे सांगणारी देवता मला क्वचितच भेटली. देवता नाकारलेली नाही. ती खरी आहे, कनवाळू आहे, आणि तीच माणसाला चौकशीच्या वाटेवर पाठविते.

या शापाची थोरवी कळण्यासाठी दुसरी एक गोष्ट शेजारी ठेवावी लागते. बृहदारण्यक उपनिषदात जनकाच्या सभेत गार्गी याज्ञवल्क्याला विचारते की, हे सगळे पाण्यात ओतप्रोत विणलेले आहे, तर पाणी कशात विणलेले आहे? थेलीस जेथे थांबला तेथून ही बाई सुरुवात करते. याज्ञवल्क्य वायू सांगतो, ती पुढचे विचारते. असे लोकामागून लोक चढत ती ब्रह्मलोकापर्यंत जाते. तेव्हा याज्ञवल्क्य तिला बजावतो की, आता अधिक विचारू नकोस, नाही तर तुझे डोके गळून पडेल. त्याच सभेत पुढे शाकल्याचे डोके खरोखर पडते. म्हणजे तेथे डोक्याची धमकी प्रश्न थांबविण्यासाठी आहे. गोदावरीच्या काठी त्याच धमकीतून प्रश्न सुरू होतो. डोके फुटेल म्हणतोस, तर आधी सांग, डोके म्हणजे काय?

बावरीने आपले सोळा शिष्य उत्तरेकडे पाठविले. अजित, पुण्णक, उपसीव, मोघराज, पिंगिय वगैरे त्यांची नावे आहेत. त्यांचा मार्गही दिला आहे: पैठण, महिष्मती, उज्जयिनी, विदिशा, कौशांबी, साकेत, श्रावस्ती, मग कपिलवस्तू, कुशीनारा, वैशाली आणि शेवटी मगध. हा दक्षिणापथाचा व्यापारी रस्ता. दामोदर कोसंबींनी दक्षिणेतल्या जुन्या वसाहतीचा पुरावा म्हणून या गोष्टीकडे पाहिले ते उगाच नव्हे. एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. सोळा शिष्यांचे प्रश्न हा भाग फार जुना आहे, इतका की त्यावरचे भाष्यही त्रिपिटकातच समाविष्ट झाले आहे. पण बावरीची प्रास्ताविक कथा त्या भाष्यात येत नाही, म्हणून ती मागाहून जोडली असावी असे संशोधक म्हणतात. असेना का. जोडणाऱ्याने या प्रश्नांचे मूळ गोदावरीच्या काठी आणि एका शापात शोधले, यालाही काही अर्थ आहे.

मगधात बुद्धाची गाठ पडल्यावर अजिताने पहिल्याने गुरूचा प्रश्न विचारला. उत्तर मिळाले की अविद्या हेच डोके, आणि श्रद्धा, स्मृती, समाधी, संकल्प व वीर्य यांनी युक्त अशी विद्या ते फोडणारी. शाप खोटा ठरविला नाही. तो शब्दशः घेतला आणि उलटा केला. मग अजित स्वतःचे विचारतो: जग कशाने झाकले आहे? ते प्रकाशत का नाही? त्याला कोणता लेप लागला आहे? त्याचे मोठे भय कोणते? पुण्णकाचा प्रश्न मला सर्वांत धीट वाटतो. तो यज्ञ करणाऱ्या गुरूचा शिष्य, आणि विचारतो की, इतक्या ऋषींनी, क्षत्रियांनी आणि ब्राह्मणांनी देवांना यज्ञ केले, ते जन्म आणि म्हातारपण तरून गेले काय? उत्तर असे की, त्यांनी आशा केली, स्तुती केली, लाभाची इच्छा धरली. ते तरले नाहीत. मोघराजाने दोनदा विचारले तेव्हा बुद्ध गप्प राहिला, तिसऱ्यांदा उत्तर दिले.

मिलेटसचे लोक आणि हे सोळाजण एकच गोष्ट विचारीत होते, असे मी म्हणणार नाही. तशी ओढाताण आपल्याकडे फार चालते. कोणी काही शोधले की ते आमच्याकडे आधीच होते. मिलेटसच्या माणसाने विचारले की हे कशाचे झाले आहे. गोदावरीच्या माणसाने विचारले की यातून पार कसे व्हावे. एका प्रश्नातून पुढे भूमिती, वैद्यक, सृष्टिशास्त्र वाढले. दुसऱ्यातून मनाची बारीक चिकित्सा वाढली. आपल्याला पहिल्याची उणीव भासली आणि ती आपण मोठ्या किमतीने भरून काढीत आहोत, हेही खरे. मिलेटस मात्र फार दिवस टिकले नाही. इ. स. पू. ४९४ मध्ये इराण्यांनी ते उद्ध्वस्त केले आणि हयात राहिलेल्यांना दूर नेऊन वसविले.

पण दोन्हीकडे प्रश्न जन्मला तो श्रद्धेच्या घरातच. वाट्याची देवता नसती तर अ‍ॅनॅक्सिमँडरला निसर्गाचा निवाडा सुचला नसता, आणि शापावर विश्वास नसता तर बावरीने कोणाला कोठे पाठविलेच नसते. माझ्या पंचविशीतल्या सभेत बावरी आला असता तर मी त्याला 'शाप-बिप सगळे खोटे' असे सांगून परत पाठविले असते, आणि तो भ्यालेलाच मेला असता.

सोळांपैकी शेवटी विचारणारा पिंगिय. तो म्हातारा. माझे अंग थकले, कांती गेली, डोळ्यांना नीट दिसत नाही, कानांना नीट ऐकू येत नाही, अशा गोंधळलेल्या स्थितीत मला अर्ध्या वाटेवर मरू देऊ नका, असे तो बुद्धाला म्हणतो. तोच परत फिरला. मगधापासून विदिशा, उज्जयिनी, महिष्मती, पैठण, तोच सारा रस्ता उलटा चालून गोदावरीवर आला आणि बावरीला झालेली हकीकत सांगू लागला. बावरीने विचारले की, असा गुरू सोडून तू राहतोस कसा? पिंगिय म्हणाला की, देह दुबळा झाला म्हणून जाववत नाही, पण मनाने मी रात्रंदिवस तेथेच असतो. काठावर बसलेले दोन म्हातारे, एक ऐकतो आहे आणि दुसरा सांगतो आहे. बावरीचे डोके शाबूत होते.